थोरलीची पाळी

पाटाचं पाणी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, ते फक्त पाटकऱ्याचं ऐकतं. पाटकरी सायकल ढकलत चारीच्या काठाने यायचा आणि ज्याची पाळी असेल त्याच्या रानाकडे तोंड करून हाक मारायचा. त्या हाकेला घरचं माणूस रानात पाणी घ्यायच्या दारावर खोरं घेऊन उभं पाहिजे. नसलं, तर पाणी पुढच्या रानात. आणि एका हंगामात दुसऱ्यांदा असं झालं, तर उरलेल्या हंगामाची पाळीच पुढच्याची. मग कितीही रडा, कितीही पाया पडा.

थोरलीच्या पुढचं रान तिच्या धाकट्या दिराचं. वाटण्या झाल्या तेव्हा मधला बांध पडला, चुली दोन झाल्या. सासू थोरलीकडे राहिली आणि जीव धाकट्याकडे राहिला. थोरलीचा नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. तो घरी यायचा, झोपायचा आणि जायचा. रानात मिरची होती ती थोरलीची. रोपं तिने लावली होती, तण तिने काढलं होतं, आणि पहिला तोडा महिन्या-दीड महिन्यावर आला होता. मिरचीला पाणी मिळालं तर वर्ष निभणार होतं. नाही मिळालं तर दिराच्या तोंडाकडे बघायचं. थोरलीला त्या तोंडाकडे बघायचं नव्हतं.

त्या सकाळी ती चहाही न घेता दारावर गेली. अंगावर गडद कपडे, आत फडक्यांच्या जाड घड्या. त्या ती सासूच्या नजरेआड, परसातल्या कुडामागे वाळवायची. आठवडा उलटला तरी तिचं अंगावर जाणं थांबत नव्हतं. हे काही त्याच महिन्याचं नव्हतं. वर्षभर हीच रड. कधी दोन-दोन महिने पत्ता नाही, कधी पंधरवड्यात हजर, आणि आली की पाहुण्यासारखी ठिय्या देऊन बसायची. त्यात अंगाला सूज, केसांचे पुंजके फणीत, आवाज घोगरा. भर उन्हातही तिला थंडी वाजायची. दीर गमतीने म्हणायचा, "वहिनी, तुमचा भोपळा चांगला भरलाय." तीही हसायची. काय करणार?

पाणी यायला वेळ होता. पाय भरून आले म्हणून ती बांधावर टेकली. जरा टेकली, एवढंच तिला आठवत होतं.

जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. पण आवाज तिच्या मिरचीतून येत नव्हता. दीर त्याच्या कांद्याच्या वाफ्यात उभा होता, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून.

"वहिनी, पाटकऱ्याने घसा फोडून हाका मारल्या. मीही मारली एक."

"हलवायचं नाही का मला?"

"बाईमाणसाला कसं हलवायचं?" तो म्हणाला, आणि ती उठताना त्याने मान पलीकडे फिरवली. थोरलीने वळून पाहिलं. जिथे ती बसली होती तिथली माती लाल झाली होती. भोपळा म्हटल्याचं तिला कधी लागलं नव्हतं, पण ती फिरवलेली मान लागली. तिने खोऱ्याने ती माती उलटी केली आणि घराची वाट धरली.

घरी वेगळाच तमाशा मांडला होता. जावेने वाटेत शेजारणीला सांगितलं होतं, थोरलीची पाळी चुकली. शेजारणीने ते भिंतीवरून सासूला सांगितलं. एवढ्या प्रवासात पाणी कुठेतरी गळून गेलं आणि नुसती पाळी पोचली.

सासू दारातच उभी होती. तिने थोरलीच्या हातातलं खोरं काढून घेतलं, खाटेवर स्वतःची उशी ठेवली आणि पितळेच्या भांड्यात चहा दिला. चहात साखर अशी, की चमचा उभा राहावा.

"बस, बस. वाकू नकोस. खोऱ्याला हात लावायचा नाही आता."

"आई, काय झालंय तुम्हाला?"

"मला काय व्हायचंय या वयात? तुला झालंय. पाळी चुकली ना?"

"चुकली," थोरली खाली मान घालून म्हणाली. "डोळा लागला माझा. सगळं पाणी भावोजींच्या कांद्यात गेलं."

सासूने खाटेकडे पाहिलं. मग तिने उशी उचलली. चहा मात्र परत घेतला नाही, एवढी तिची माणुसकी. थोरलीला एकच मुलगी, ती शाळेच्या वसतिगृहात. दुसऱ्याची वाट बघून बघून सासूचे डोळे शिणले होते, आणि आज घटकाभर ते लकाकले होते. थोरलीला पाण्याचं दुःख होतंच, त्यात त्या डोळ्यांचं आणखी पडलं.

दुपारी जाऊ आली. तिने आपली गर्भाची पिशवी दोन वर्षांपूर्वी काढून घेतली होती आणि तेव्हापासून ती गावातल्या बायकांना तोच सल्ला द्यायची.

"ताई, काढून टाका एकदाची. ना घड्या, ना डाग. नसती कटकट."

"आणि मग कंबर धरून फिरू? तू फिरतेस तशी?"

"ते होतंच थोडं." जावेने कमरेवरचा हात खाली घेतला. मग म्हणाली, "पण शांतता असते हो."

"काढल्यावर किती दिवस वजन उचलायचं नाही?"

"दोन-तीन महिने तरी."

दोन-तीन महिने म्हणजे मिरचीचा भर हंगाम. थोरलीने मान हलवली. "आधी विचारून तर येते. घर गळतंय म्हणून कुणी घर पाडत नाही. कौल कुठलं फुटलंय ते बघतात."

दवाखाना तालुक्याच्या रस्त्यावर, सरकारी, पत्र्याच्या व्हरांड्याचा. डॉक्टर तरुण बाई होती, बदली होऊन नुकतीच आलेली. समोर बायकांची ही रांग. तिने मान वर न करता विचारलं, "पाळी कधी आली?"

"गुरुवारी," थोरली म्हणाली. "पण हुकली."

"म्हणजे? आली की हुकली?"

"आली होती. माझा डोळा लागला, मग ती दिराकडे गेली."

डॉक्टरने मान वर केली. रांगेतल्या दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला.

"एरवी वेळेवर येते का?"

"ते पाटकऱ्याच्या हातात. तो सोडेल तेव्हा."

"कोण पाटकरी?" डॉक्टरचा चेहरा असा झाला, की थोरलीच्या डोक्यात एकदम उजेड पडला. तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई, ती पाळी होय! मी पाण्याचं सांगतेय तुम्हाला." मग सगळा व्हरांडा हसला, डॉक्टरही हसली, आणि हसता हसता थोरलीला रडू फुटलं. वर्षभरात ती कुणापुढे रडली नव्हती.

त्यानंतर मात्र डॉक्टरने नीट विचारलं. थंडी वाजते का, झोप फार येते का, शौचाला खडा होतो का, केस जातात का. थोरलीच्या मागे उभी राहून तिने दोन्ही हातांनी तिचा गळा चाचपला आणि आवंढा गिळायला लावला. रक्त तपासायला पाठवलं. पोटाचीही तपासणी केली आणि पुढच्या खेपेला सगळं समोर ठेवून सांगितलं.

"पिशवी चांगली आहे तुमची. ढिलाई इथे आहे." तिने स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. "इथे थायरॉइडची ग्रंथी असते सगळ्यांनाच. सगळ्या शरीराचा वेग ती ठरवते. तुमची मंदावलीय. म्हणून झोप, म्हणून सूज, म्हणून थंडी. आणि म्हणूनच पाळीचं सगळं तंत्र बिघडलंय."

"गळ्याचं आणि तिथलं काय नातं?"

"तुमच्या पाटाचं दार कुठे असतं आणि वाफा कुठे?"

"दार वर, वाफा खाली," थोरली म्हणाली. तिला ते पटलं.

गोळी एवढीशी, मुगाच्या डाळीएवढी. रोज सकाळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा त्यानंतर तासाभराने. रक्त कमी होतं म्हणून लोहाची गोळी वेगळी, ती दुपारी, दोन्ही एकत्र कधी नाहीत. "लगेच फरक पडणार नाही," डॉक्टर म्हणाली. "दोन-तीन महिने द्या तिला. आणि गोळीची पाळी चुकवू नका."

घरी सासूने गोळी चिमटीत धरून उजेडात पाहिली. "आजार रेड्याला, इंजेक्शन पखालीला! दुखणं खाली आणि औषध गळ्याला?"

"खाऊन तर बघते, आई."

"खा बाई. आमचं काय जातंय?"

तासभर चहा नाही, हे थोरलीला गोळीपेक्षा जड गेलं. उठल्याबरोबर चहा हे तिचं एकच व्यसन. पण तिने हट्टच धरला. गोळी गिळायची आणि तडक रानात जायचं, म्हणजे चहाचा वास नको नि मोह नको. मिरचीच्या ओळीत खुरपं चालवत राहायचं. सुरुवातीला एका ओळीतच दम लागायचा. तण डावीकडे टाकायचं, टेकायचं, पुन्हा उठायचं. पाण्याच्या मधल्या पाळ्यांना तिने बसायचंच बंद केलं. पाटकऱ्याची हाक येईपर्यंत ती दारावर खोऱ्याच्या दांड्याला धरून उभी राहायची. पाय सुजले तरी उभी. पाटकरी हसायचा. "थोरले, पहारा देतेस की काय?"

"मामा, तुम्ही सोडा. मी आहे."

हळूहळू अंग हलकं होत गेलं. आधी चेहऱ्याची सूज उतरली. मग एका दुपारी तिच्या लक्षात आलं, की आपल्याला घाम आलाय, आणि तिला इतका आनंद झाला की ती घाम पुसेचना. पुढे पाळी आली ती पाचव्या दिवशी थांबली. घड्या धुऊन दोरीवर टाकताना ती गुणगुणत होती. सासूने ऐकलं.

इथवर सगळं सरळ चाललं होतं. पण सुख दिसलं की माणसाला आणखी हवं होतं, आणि थोरली काही देवाघरची नव्हती.

झालं असं, की गोळ्या संपल्या त्याच आठवड्यात दवाखान्याला कुलूप होतं, डॉक्टर शिबिराला गेलेली. आठवडाभर गोळी चुकली. नव्या गोळ्या मिळाल्या तेव्हा थोरलीने शेतकरणीचा हिशेब लावला. पाणी चुकलं की पुढच्या खेपेला वाफे काठोकाठ भरायचे, हे तिला लहानपणापासून माहीत. चुकलेली पाळी भरून काढायची. तिने रोज दोन गोळ्या सुरू केल्या. आठवड्याची तूट भरल्यावर थांबायला हवं होतं, पण अंगात अशी तरतरी आली की थांबवेना. पहाटेच जाग यायची. भराभर तोडा काढायची, मदतीला आलेल्या जावेच्या दुप्पट. लोक म्हणायचे, थोरलीला पंख फुटले.

मग पंख टोचायला लागले. छाती धडधडायची, तीही नुसतं बसलेलं असताना. हात थरथरायचे, खुरप्याने दोनदा बोट कापलं. शब्दाला शब्द लागला की अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि पाळी आली नाही. दिवस उलटले, आली नाही.

त्याच सुमाराला वर कुठेतरी पाट फुटला आणि पाणीही बंद झालं. गावातली सगळी रानं तहानली. विहिरीवर बायका म्हणायच्या, यंदा सगळ्यांचीच पाळी लांबली. थोरली हसायची, आणि मनात दिवस मोजायची. दोरीवर घड्या नाहीत, हे सासूच्या नजरेतून कसं सुटावं?

"या खेपेला पाण्याची नव्हे ना?" सासूने विचारलं. "खरी चुकलीय ना?"

"चुकलीय. पण मला नाही वाटत—"

"तुला काय कळतंय? मला कळतं." उशी पुन्हा खाटेवर आली. या खेपेला चहाबरोबर दूधही आलं. आणि खोरं सासूने माळ्यावर टाकलं. "दाराला जायचं नाही. धाकट्याला सांगते मी. तो धरेल तुझं पाणी."

"आई, ते वेगळ्या घरचे. ते दारावर उभे राहिले की माझी पाळी चुकलीच म्हणायची. ही दुसरी वेळ. मग सगळा हंगाम त्यांचा."

"असू दे हंगाम! नातवापेक्षा मिरची मोठी?"

थोरलीलाही एक मन सांगत होतं, की असेलही. त्या मनाचा तिला रागही आला आणि ते मन तिला हवंही होतं. ती दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली. डॉक्टरने लघवी तपासली, रक्त तपासलं. दिवस गेलेले नव्हते. मग तिने थोरलीची नाडी धरली, पुढे केलेली थरथरती बोटं पाहिली आणि विचारलं, "गोळ्या किती घेता?"

"दोन."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात, गोळीची पाळी चुकवू नका. चुकली, मग भरून काढली."

डॉक्टरने डोळे मिटून घेतले. ती रागावली होती, पण तिला दाखला सुचला. "मिरचीला रोज दुप्पट पाणी दिलं तर?"

"मुळं कुजतात," थोरली म्हणाली, आणि तिचं तिलाच कळलं.

"ही गळ्यातली मंद असताना पाळी थांबत नव्हती. आता तिला पळवलीत तर पाळी येतच नाही. काळजाला अपाय झाला असता, बाई. काही दिवस बंद, मग मी सांगेन तेवढी एकच. आणि पुन्हा चुकली तर मला विचारायचं, मनाने भरून काढायचं नाही."

"अति तिथं माती," थोरली पुटपुटली. आपल्या शहाणपणाची तिला लाज वाटली. वाटेत तिने पोटावरून हात फिरवला. तिथे काही नव्हतं. तिला वाईट वाटलं, फार वाटलं. मग घर दिसलं, मिरचीची कोमेजलेली पानं दिसली, आणि तिने चाल वाढवली.

सासूचा विश्वास बसला नाही. "यंत्रं काय, खोटंही बोलतात. मी तीन बाळंतपणं केलीत." थोरलीने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. छातीची धडधड शमत गेली, हात स्थिर झाले. एकच गोळी, मग तासभर खुरपं, मग चहा. ती वाट बघत होती, आणि मिरचीही.

पाट दुरुस्त झाल्याची बातमी आली तेव्हा पानं दुपारी माना टाकत होती. आणखी एक पाळी हुकली असती तर फुलोरा गळून गेला असता. त्या सकाळी थोरली उठली तेव्हा ओटीपोटात ओळखीची कळ होती. ती मोरीत गेली, बघितलं, आणि भिंतीला टेकून हसली. मग नीट घडी घेतली, गोळी गिळली आणि स्टूल लावून माळ्यावरचं खोरं काढलं.

सासू घरात नव्हती.

ती पाटाच्या दारावर होती. धाकटा दीरही तिथेच होता, थोरलीच्या दारावर पाय रोवून, पायजमा दुमडून. बांधावर जाऊ आणि दोघे-चौघे पाणी बघायला जमलेले. पाटकऱ्याने सायकल लावली आणि हाक दिली, "थोरलीची पाळी आली होऽ!"

"मामा, सोडा," दीर म्हणाला. "वहिनींना जमायचं नाही आता. त्यांना दिवस आहेत. आईने मला सांगितलंय."

"म्हणजे घरचं खोरं धरणारं माणूस नाही?" पाटकऱ्याने सासूच्या रिकाम्या हातांकडे बघून विचारलं. त्याला नियम लावायचा होता, वाईटपणा घ्यायचा नव्हता.

"आहे!" थोरली चारीवरून धावत नव्हती, चालत येत होती. खोरं खांद्यावर. ती थेट दिरासमोर येऊन उभी राहिली. "सरका, भावोजी."

"वहिनी, अशा अवस्थेत... तुमची पाळी—"

"आली," थोरली म्हणाली. आवाज घोगरा नव्हता. बांधावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू गेला. "दोन्ही आल्या. ही पाण्याची, आणि ती माझी. आज सकाळीच आली, आणि वेळेवर थांबेलही. सरका."

दिराने मान फिरवली. या खेपेला थोरलीला ती लागली नाही. त्याने मान फिरवली म्हणून पायही निघाला, आणि दार मोकळं झालं. पाटकरी खोकला, आणि त्याने वरची फळी उचलली.

पाणी आलं. आधी फेस आणि काटक्या, मग लाल, मग जाड. थोरलीने पहिला वाफा फोडला. माती इतकी तहानली होती, की पाणी पुढे सरकेचना. ती खोऱ्याने ओढत, दाबत, वळवत राहिली. ओटीपोट दुखत होतं. दुखू दे, म्हणाली ती, मनात.

बांधावर सासू एकटी उरली होती. तिने डोळ्याला पदर लावला होता. थोरलीने एकदा तिकडे पाहिलं. नातवाचं दुःख तिलाही होतं, पण हातात पाणी होतं, आणि पाणी थांबत नाही.

ती खाली वाकून दुसऱ्या वाफ्याचं तोंड लिंपत होती, तेवढ्यात मागून सासूचा आवाज आला. रडून जड झालेला, पण खणखणीत.

"अगं, लक्ष कुठे आहे? पलीकडचा भरला बघ. बांध फुटेल. दार फिरव!"

थोरलीने दार फिरवलं.

सासूने पदर कमरेला खोचला आणि ती शेवटच्या वाफ्याकडे निघाली, पाणी पोचतं का ते बघायला. जाता जाता म्हणाली, "आटप. घरी गेल्यावर चहा टाकते. तुझा तास झाला असेल आता."